सोंग कोणाचे, वेश कोणाचा? कॉमिक कॉनचा इतिहास आणि आपण

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत एक दृश्य दरवर्षी हमखास दिसते. निळा कोट, लाल टाय, डोळ्यांवर चष्मा आणि हातात संविधानाची प्रत घेतलेले पाच-सहा वर्षांचे लेकरू ट्रॉलीवर उभे असते. शेजारी एखादी मुलगी सावित्रीमाई झालेली असते, एखादी रमाई. त्याला कोणी पोरखेळ म्हणत नाही. म्हातारी माणसेसुद्धा त्या लेकराकडे बघून हात जोडतात आणि जय भीम म्हणतात.

तेच लेकरू वीस वर्षांचे होते. फोमशीट कापून, गोंदाने चिकटवून, रंग देऊन महिनाभर एखाद्या सुपरहिरोचे चिलखत तयार करते आणि मुंबईच्या कॉमिक कॉनला जाते. मग आपल्यातलेच काही ज्येष्ठ कार्यकर्ते नाक मुरडतात. "चळवळ सोडून हे कसले सोंग?" असे विचारतात. प्रश्न रागाने विचारलेला असला तरी तो टाळण्यासारखा नाही. कॉमिक कॉन म्हणजे कॉमिक्स, विज्ञानकथा, चित्रपट आणि जपानी अ‍ॅनिमे यांच्या चाहत्यांचा मेळावा. तिथे आवडत्या पात्राचा वेश करून जाण्याला कॉस्प्ले म्हणतात. हे सगळे खात्यापित्या घरच्या पोरांचे चोचले आहेत, त्यात आपल्या पोरांनी कशाला पडावे, असा या प्रश्नामागचा सूर असतो.

आमचे म्हणणे वेगळे आहे. या मेळाव्यांचा इतिहास उघडून पाहिला, तर त्यात आपल्याला चांगले ओळखीचे असलेले दोन प्रश्न पानोपानी भेटतात. दारातून आत कोणाला सोडायचे? आणि कोणी कोणता वेश करायचा हे कोणी ठरवायचे? हे दोन्ही प्रश्न ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगावर कोरले गेले आहेत, त्यांनी या इतिहासाकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

पहिलाच मेळावा, पहिलीच दारबंदी

सुरुवात १९३९ सालापासून करू. जुलैच्या २ ते ४ तारखांना न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. सुमारे दोनशे माणसे जमली होती. लॉस एंजेलिसहून फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे आले, ते भविष्यकाळातल्या माणसांचा वेश घालून. संमेलनात वेश करून येणारे ते दोघेच होते. आजच्या कॉस्प्लेचा उगम अनेक अभ्यासक तिथे शोधतात.

आता गंमत पाहा. दोघांचेही वेश मर्टल डग्लस यांनी कल्पून स्वतःच्या हाताने शिवले होते. पण पुढे अनेक वर्षे नाव झाले ते अ‍ॅकरमन यांचे. शिवणारी बाई मागे आणि घालून मिरवणारा पुरुष पुढे. अलीकडच्या काळात चाहत्यांनी आणि अभ्यासकांनीच मर्टल डग्लस यांचे श्रेय त्यांना परत मिळवून दिले. ज्यांचे श्रम ते इतिहासात नाहीत, आणि जे इतिहासात आहेत त्यांचे श्रम नाहीत, हा हिशेब आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

त्याच संमेलनात दुसरीही गोष्ट घडली. 'फ्यूचरियन्स' नावाच्या डाव्या विचारांच्या तरुण चाहत्यांच्या गटातल्या सहा जणांना आयोजकांनी दारातच अडवले. हे लोक गोंधळ घालतील अशी भीती आयोजकांना वाटली. त्या सहांमध्ये डोनाल्ड वोलहाइम, फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लूथ होते. पुढे त्यांच्याच नावांवाचून अमेरिकी विज्ञानकथेचा इतिहास लिहिता येईना. म्हणजे जगातल्या पहिल्या संमेलनातच वेश होता आणि दारबंदीही होती.

दार बंद झाले, त्यांनी बाजार मांडला

तिथून जपानला जाऊ. १९७५ साली तिथल्या चित्रकथाप्रेमींच्या एका मोठ्या संमेलनावर टीका करणाऱ्या एका वाचक मुलीला त्या संमेलनात प्रवेश नाकारण्यात आला. या अन्यायाने चिडलेल्या तरुणांच्या एका छोट्या गटाने ठरवले की आपण आपलाच मेळावा भरवायचा. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत पहिला 'कॉमिक मार्केट' भरला. हौशी लेखक-चित्रकारांचे ३२ गट आले आणि साधारण सातशे माणसे जमली. त्यातल्या बहुसंख्य शाळा-कॉलेजच्या मुली होत्या. आज त्याच मेळाव्याला लाखो लोक येतात.

या मेळाव्याचे एक तत्त्व आहे. तिथे कोणी पाहुणा नाही आणि कोणी गिऱ्हाईक नाही. पुस्तक काढणारा, विकत घेणारा, खुर्च्या लावणारा, रांग सांभाळणारा स्वयंसेवक, सगळे 'सहभागी'. सर्वांचा दर्जा एकच. कॉस्प्ले हा शब्दही जपानचाच. १९८०च्या दशकात तिथल्या मासिकांनी 'कॉस्च्युम' आणि 'प्ले' हे दोन इंग्रजी शब्द जोडून तो रूढ केला.

दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लावणाऱ्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. गाठोडे घेऊन आलेली खेड्यातली आई तिथे गिऱ्हाईक नसते. चाळीस रुपयांची पुस्तिका ती घरी नेते, तेव्हा ती चळवळीची सहभागी असते. आपल्या मेळ्यांना श्रद्धेचे आणि स्मृतीचे अधिष्ठान आहे. ते आणि कॉमिक कॉन एक नव्हे, हे आम्हालाही कळते. पण प्रस्थापितांनी दार लावले की रडत न बसता स्वतःचा मांडव घालायचा, ही रीत दोन्हीकडे सारखी आहे.

कागदसुद्धा मिळाला नाही

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना तर दारापर्यंत पोहोचण्याआधीच अडवले गेले. १९४७ साली फिलाडेल्फियात ऑरिन इव्हान्स या कृष्णवर्णीय पत्रकाराने 'ऑल-निग्रो कॉमिक्स' काढले. लेखक कृष्णवर्णीय, चित्रकार कृष्णवर्णीय, नायकही कृष्णवर्णीय. तोपर्यंत अमेरिकी चित्रकथांमध्ये काळा माणूस बहुधा जाड ओठांचा, घाबरट आणि हसण्यापुरता नोकर म्हणूनच येत असे. इव्हान्स यांच्या कॉमिकचा एकच अंक निघाला. दुसऱ्या अंकाची तयारी झाली होती, पण त्यांना छपाईचा कागद विकायलाच कोणी तयार होईना.

इथे 'मूकनायक' आठवल्याशिवाय राहत नाही. १९२० साली बाबासाहेबांनी हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. फिलाडेल्फियात कागद नाकारला गेला, पुण्यात जाहिरातीची जागा. दोन्हीकडे हेतू एकच, की या माणसांनी स्वतःविषयी स्वतः बोलू नये.

पुढे १९९३ साली ड्वेन मॅक्डफी, डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या चार कृष्णवर्णीयांनी 'माइलस्टोन' ही प्रकाशनसंस्था उभी केली. २००२ पासून फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय कॉमिक्सचा स्वतंत्र मेळावा भरू लागला. ज्या शहरात कागद मिळाला नव्हता, त्याच शहरात मांडव पडला.

तरीही वेशाचा प्रश्न शिल्लक होता. चाका कम्बरबॅच या कृष्णवर्णीय तरुणीने 'सेलर व्हीनस' या जपानी अ‍ॅनिमे पात्राचा वेश केला. लोकांनी वेशातल्या शिलाईविषयी बोलायचे सोडून तिच्या रंगावर शेरे मारले. हे पात्र काळे नाही, तू हा वेश करूच कसा शकतेस, असा त्यांचा सूर. तिने त्यावर जाहीरपणे लिहिले आणि २०१५च्या फेब्रुवारीत, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय इतिहास महिन्यात, अठ्ठावीस दिवस कृष्णवर्णीय कॉस्प्लेकारांची छायाचित्रे पुढे आणण्याची मोहीम सुरू केली. दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या निळ्या-हिरव्या प्राण्याचा वेश गोऱ्या माणसाने केला तर कोणाला खटकत नाही. खटकते ते काळ्या मुलीने सोनेरी केसांचा टोप घातला की. म्हणजे आक्षेप वेशाला नसतो, घालणाऱ्याला असतो.

वेशाचा कायदा आपल्याला नवा नाही

आता घरी येऊ. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६च्या भाषणात बाबासाहेबांनी जातीच्या जुलमाचे दाखले दिले आहेत. पेशवाईत अस्पृश्याने गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून फिरावे, हा त्यातला एक. मडके आणि झाडू हासुद्धा एक वेशच होता, जबरदस्तीने अंगावर चढवलेला. त्याच भाषणात १९२८ सालचा इंदूर भागातल्या बलाई समाजाचा दाखला आहे. गावच्या सवर्णांनी फर्मान काढले की बलाईंनी जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. ज्यांनी ऐकले नाही, त्यांना विहिरी आणि वाटा बंद झाल्या.

म्हणूनच १९२७च्या डिसेंबरात, महाडला मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर, बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. आपली जात ओळखू येईल अशी लुगड्याची ठेवण सोडा, अंगावरचे ते जड दागिने टाका, स्वच्छ आणि नीट वस्त्र नेसा, असे त्यांनी सांगितले. त्या स्त्रियांनी तिथल्या तिथे लुगडी नेसण्याची पद्धत बदलली. कपड्याचा प्रश्न त्यांना क्षुल्लक वाटला असता, तर इतक्या मोठ्या दिवशी त्यावर वेळ घालवला असता का? बाबासाहेबांचा स्वतःचा सूट हेसुद्धा त्याच प्रश्नाचे उत्तर होते. देशातला एक पुढारी वस्त्र उतरवून गरिबांचा प्रतिनिधी झाला. ज्यांचे वस्त्र आधीच हिरावले होते, त्यांचा प्रतिनिधी पूर्ण पोशाखात उभा राहिला.

याच महाराष्ट्रात बहुरूपीही आहे. पिढ्यान्‌पिढ्या तो सोंगे घेऊन पोट भरतो. आज पोलीस, उद्या देव. त्याची कला कॉमिक कॉनमधल्या कोणत्याही कॉस्प्लेकारापेक्षा जुनी आहे. पण त्याला ना तिकीट विकता येते, ना बक्षीस मिळते. दारोदार फिरणाऱ्या भटक्याच्या वाट्याला संशय येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. वातानुकूलित सभागृहात अनोळखी वेशातला माणूस दिसला की लोक सेल्फी काढतात. रस्त्यावर अनोळखी माणूस दिसला की दगड उचलतात. वेश करणे ही मौज कोणासाठी आणि जोखीम कोणासाठी, याचा निकाल अजूनही जन्मच लावतो.

पुलावरचा कोट

या सगळ्या इतिहासात आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग २०१५च्या जुलैतला आहे. स्थळ सॅन डिएगो कॉमिक-कॉन. १९७० साली एका हॉटेलात सुमारे तीनशे माणसांनिशी सुरू झालेला हा मेळावा आज जगात सर्वांत गाजलेला आहे. त्या गर्दीत पंचाहत्तर वर्षांचा एक कृष्णवर्णीय खासदार शिरला. अंगात फिकट रंगाचा लांब कोट, पाठीवर पिशवी. त्याच्यामागे शाळकरी मुलांची रांग. हे जॉन लुईस होते, आणि त्यांनी वेश केला होता स्वतःचाच. पन्नास वर्षांपूर्वीच्या जॉन लुईसचा.

७ मार्च १९६५ रोजी अलाबामातल्या सेल्मा गावी, मतदानाच्या हक्कासाठी सुमारे सहाशे लोकांचा मोर्चा एडमंड पेटस पुलावर निघाला. अग्रभागी पंचवीस वर्षांचे लुईस होते. अंगात असाच कोट होता. अटक होणार हे गृहीत धरून पाठीवरच्या पिशवीत दोन पुस्तके, एक सफरचंद, एक संत्रे, टूथब्रश आणि पेस्ट ठेवली होती. पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. लुईस यांच्या डोक्याचे हाड मोडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला.

हा माणूस कॉमिक कॉनमध्ये कसा पोहोचला? २००८ साली त्यांच्या निवडणूक प्रचारातला अँड्र्यू आयडिन हा तरुण सहकारी म्हणाला की प्रचार संपला की मी कॉमिक्सच्या मेळाव्याला जाणार. बाकीचे कार्यकर्ते त्याला हसले. लुईस हसले नाहीत. आमच्या चळवळीतही एक कॉमिक होते आणि त्याचा फार मोठा प्रभाव पडला होता, असे त्यांनी सांगितले. ते कॉमिक म्हणजे १९५७ सालचे 'मार्टिन लूथर किंग अँड द माँटगोमरी स्टोरी'. किंमत दहा सेंट. बसवर बहिष्कार कसा टाकला, मार खाऊनही हात कसा उचलायचा नाही, हे त्यात चित्रांतून सांगितले होते. ते वाचून तयार झालेल्या पिढीतलेच लुईस. आयडिन मागे लागला, आणि नेट पॉवेल या चित्रकाराला सोबत घेऊन लुईस यांच्या आयुष्यावर 'मार्च' ही तीन भागांची चित्रकथा झाली. तिसऱ्या भागाला २०१६ साली अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.

आपल्या पोरांना हसणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या हशाकडे आणि लुईस यांच्या उत्तराकडे नीट पाहावे. लुईस यांनी सभागृहात मुलांना घेऊन जी फेरी काढली, ती मौज होती की मोर्चा? दोन्ही होती. पुलाचा इतिहास त्या मुलांना पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात मिळाला असता. त्या दिवशी तो त्यांना हात धरून चालायला मिळाला.

याच सेल्माच्या वाटेवरचे आणखी एक नाते सांगायला हवे. सेल्मा आणि माँटगोमरी यांच्या मध्ये लाउंड्स काउंटी आहे. तिथल्या कृष्णवर्णीयांनी स्वतःचा पक्ष काढला आणि निरक्षर मतदारालाही ओळखता यावा म्हणून काळा बिबळ्या हे चिन्ह घेतले. तो बिबळ्या १९६६ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्ष झाला आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. मार्व्हलचा 'ब्लॅक पँथर' हा नायकही १९६६ सालचाच, पण तो त्या पक्षाच्या काही महिने आधी कागदावर उतरला होता. पक्षाचे नाव कॉमिकवरून आलेले नाही. ते अलाबामातल्या मतपत्रिकेवरून आले. आपली पोरे 'ब्लॅक पँथर'चा मुखवटा घालतात तेव्हा त्यांना हा रस्ता माहीत असावा, एवढीच आमची इच्छा. मुखवटा काढून फेका, असे आम्ही कधीच म्हणणार नाही.

आपले चित्र कोण काढणार?

त्या १९५७च्या कॉमिकमध्ये आपल्यासाठी एक बोचरी गोष्टही आहे. अहिंसक लढ्याचे उदाहरण म्हणून त्यात भारत येतो, पण येतात ते गांधी. महाड येत नाही. दांडीच्या तीन वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, हजारो माणसे शिस्तीने चवदार तळ्यावर गेली, पाणी प्यायली आणि नंतर मार खाऊनही उलटून धावून गेली नाहीत. हे माँटगोमरीपर्यंत पोहोचलेच नाही. दोष त्या कॉमिकवाल्यांना देऊन काय उपयोग? ज्यांच्या हातात छापखाना, त्यांचेच चित्र समुद्रापार जाते.

भारतातही तेच झाले. १९६७ साली सुरू झालेल्या 'अमर चित्र कथा'ने दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत गोरे देव आणि काळे राक्षस भरले. बाबासाहेबांवरचा अंक निघायला १९७९ साल उजाडले. २०११च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटला भारतातला पहिला कॉमिक कॉन भरला. त्याच वर्षी 'भीमायन' आले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या प्रधान गोंड कलावंतांनी बाबासाहेबांचे आयुष्य रेखाटले. त्यांनी चौकटी मोडल्या. मायेने बोलणाऱ्याच्या शब्दांना पक्ष्याचा आकार दिला आणि विखारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी. जोतीरावांच्या 'गुलामगिरी'वरची चित्रकथाही त्याच वर्षी आली. 'गुलामगिरी' १८७३ साली अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलेली होती, हे लक्षात घेतले की हा धागा किती जुना आहे ते कळते.

कॉमिक कॉन निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. तिकीट महाग, आतल्या वस्तू त्याहून महाग. मोठ्या कंपन्यांना चाहता म्हणजे चालता-बोलता खिसा वाटतो. वेश केलेल्या मुलींच्या अंगाला हात लावणारे तिथेही असतात. कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे, असे फलक न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनला २०१४ साली लावावे लागले. पण दोष आहेत म्हणून जागा सोडायची असते, हे आपण कोणाकडून शिकलो? बाबासाहेबांनी तर विद्यापीठ, कायदेमंडळ, वृत्तपत्र, यांतली एकही जागा सोडली नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, जा. फोमशीट कापा, रंग लावा, मनसोक्त हसा. आनंदावर आपलाही हक्क आहे, तो कोणाच्या परवानगीने मिळत नाही. फक्त एक करा. पुढच्या वेळी तुमच्यातल्या कोणीतरी महाडच्या तळ्यावर ओंजळ भरणाऱ्या माणसाचा वेश करून जा. कोणीतरी मनुस्मृतिदहनानंतर नव्या पद्धतीने लुगडे नेसलेली बाई व्हा. लोक विचारतील, हे कोणते पात्र? तेव्हा थांबून नीट सांगा.

आणि ज्येष्ठांनो, पोर चिलखत चढवून घराबाहेर पडेल तेव्हा त्याला हसू नका. ट्रॉलीवर निळ्या कोटात त्याला तुम्हीच उभे केले होते.

जय भीम!